सदतिसावा फर्मा

माझा दादा पुस्तकं बांधतो. लिहीत नाही, छापत नाही, विकत तर मुळीच नाही. फाटकं पुस्तक त्याच्याकडे येतं, तो ते उसवतो, शिवतो, खळ लावतो, पुठ्ठा चढवतो आणि परत देतो. शाळा सातवीत सुटली. आणि हा माणूस इंग्रजीतले असे असे शब्द जाणतो की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मी सांगते म्हणून विश्वास ठेवा. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मला मिरची म्हणतात, उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही, आणि दादाचं त्याच्या तोंडावर तर कधीच केलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी बाइंडरीत एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आली. पाठ मोडलेली, पानं सुटलेली. ज्याने आणून टाकली तो परत फिरकलाच नाही. मालक म्हणाले, "रद्दीत टाक." दादाने टाकली नाही. त्याने ती उसवली आणि फर्मे मोजले. फर्मा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, मग त्याच्या घड्या घालतात. त्या घडीला फर्मा म्हणायचं. असे फर्मे एकापुढे एक शिवले की झालं पुस्तक. ह्या डिक्शनरीत पंचाहत्तर फर्मे असायला हवे होते. निघाले चौऱ्याहत्तर. सदतिसावा गायब.

दुसरा कुणी असता तर छत्तिसाव्याला अडतिसावा जोडून मोकळा झाला असता. कोण बघायला बसलंय! दादाने मधे सोळा कोरी पानं शिवली. मी म्हटलं, "हे कशाला? जाडी वाढवायला?"

"चिमे, इथे शब्द आहेत," तो म्हणाला. "मला दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच, असं कसं म्हणू?"

मी कपाळाला हात लावला. हा असा माणूस!

मग त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. बाइंडरीत पुस्तकांच्या कडा कापतात तेव्हा कागदाच्या लांब पट्ट्या पडतात. पट्टीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि पट्टी सदऱ्याच्या खिशात. सुई चालवता चालवता शब्द घोळवायचा. संध्याकाळी वहिनीने पट्टी हातात धरायची आणि याने अर्थ सांगायचा. चुकला तर पट्टी पुन्हा खिशात, बरोबर आला तर बिस्किटाच्या डब्यात. आमच्या घरात बिस्किटं कधी टिकली नाहीत, पण डबे मात्र एकोणीस झाले. वहिनी बिचारी त्या पट्ट्यांपायी इंग्रजी अक्षरं शिकली. सदरे धुताना खिसे तपासायचं काम माझ्याकडे. एकदा तपासायचे राहिले आणि अख्खा 'डी' पाण्यात गेला. दादा मला काही बोलला नाही, नुसता बादलीत बघत उभा राहिला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे कधीतरी त्याला कळलं की शब्दांनाही भाऊबंद असतात. त्या दिवशी तो जेवायचा थांबला होता म्हणा ना. मी मोरीत कपडे घासत होते, तिथे येऊन उभा.

"मॅन्युअल, मॅनिक्युअर, मॅन्युस्क्रिप्ट. चिमे, तिघांचा आजा एकच! मॅनस. म्हणजे हात. हाताने करायचं ते मॅन्युअल, हाताने लिहिलेलं ते मॅन्युस्क्रिप्ट."

माझे हात साबणाच्या पाण्यात होते. मी तशीच त्यांच्याकडे बघत राहिले. कुठल्या जमान्यात, कुठल्या देशात कुणीतरी आपल्या हाताला मॅनस म्हणालं, आणि तो शब्द चालत चालत आमच्या मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आला! अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. पण हे दादाला कसं सांगणार? मी म्हटलं, "बरं बरं, त्या मॅनसने जरा ती बादली उचल."

त्याने मुकाट्याने उचलली. असंच चालायचं आमचं. एकदा म्हणाला, लॉन्ड्री आणि लॅव्हेटरी ही सख्खी भावंडं, दोघांचं मूळ 'धुणं'. मी म्हटलं, "म्हणजे मी आणि संडास एका घरातले! वा, छान मान वाढवलास बहिणीचा." चार दिवस तो नवा शब्द घेऊन माझ्यासमोर यायला घाबरत होता. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी मीच विचारलं, "काय, संपली का डिक्शनरी?"

नवा शब्द दिसला की दादा आधी त्याचे टाके उसवायचा. हे शेपूट, हे पोट, हे डोकं. मग अर्थ ओळखायचा आणि नंतर पान उघडून बघायचा. बहुतेक वेळा बरोबर! जो शब्द जन्मात पाहिला नाही, त्याचा अर्थ नुसत्या शिवणीवरून सांगायचा. लॉन्ड्रीत बायका आपापल्या भावांची बढाई मारायच्या, कुणाचा दुकानदार, कुणाचा ड्रायव्हर. मी म्हणायची, "माझा दादा शब्दाचा चुकत नाही." घरी येऊन मात्र त्याला म्हणायची, "डबे हलव, पाय ठेवायला जागा नाही."

तर गेल्या वर्षी आमच्या हॉस्पिटलने लॉन्ड्री बंद करायचं ठरवलं. कपडे बाहेर धुवायला देणार. आम्ही अकरा जणी घरी. त्याच सुमाराला शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं हॉस्पिटल उघडत होतं, आणि त्यांना लॉन्ड्रीवर एक मुख्य बाई हवी होती. ते काम मला येतं. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो, हे मी झोपेतही सांगेन. अर्ज गुरुवारी पाचच्या आत द्यायचा, सोबत आत्ताच्या वरिष्ठांचं पत्र. पत्र नाही तर अर्ज नाही. मी पन्नाशीला टेकलेली. नवरा गेल्यापासून दादा-वहिनीकडे राहते. त्यांनी एका शब्दाने कधी दुखवलं नाही, पण आपल्या पायावर उभं राहून कुणाकडे राहणं वेगळं आणि पदरात पडून राहणं वेगळं. ही नोकरी हुकली तर मला दुसरी कोण देणार होतं?

पत्र द्यायचं मेट्रनबाईंनी. त्याही त्याच गुरुवारी निवृत्त होत होत्या. बाई कडक, बोलणं मोजकं. अठरा वर्षांत तोंडाने 'छान' म्हणाल्या असतील तर शपथ. फक्त ऑपरेशनच्या चादरी माझ्या हाताखालून गेल्याशिवाय वर पाठवायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता. सोमवारी त्यांनी टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मला दिलं. सगळं इंग्रजीत. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

दादाने हात धुतले, पुसले, चष्मा लावला. वहिनी गॅस बंद करून बाहेर आली.

"पंक्च्युअल," दादा वाचू लागला, "म्हणजे वेळेची पक्की. डिलिजंट, मन लावून काम करणारी. हर सर्व्हिसेस हॅव बीन..." आणि थांबला. डिक्शनरी ओढली, पानं उलटली, आणि त्या कोऱ्या पानांवर त्याचा हात थबकला.

"काय झालं?"

"शब्द सदतिसाव्यात आहे."

"मग उसव की! येतं ना तुला?"

तो पुटपुटत राहिला. "इनव्हॅल्युएबल. व्हॅल्यू म्हणजे मोल. व्हॅल्युएबल, मोलाचं. आधी इन लावलंय. कधी कधी इन म्हणजे आत, पण मोलाच्या आत काय असणार? इनकरेक्ट, बरोबर नसलेलं. इनकम्प्लीट, पुरं नसलेलं. इनकेपेबल..."

पुढे बोलेना. पण मी काय दुधखुळी आहे?

"म्हणजे मोलाचं नसलेलं," मी म्हटलं. "माझ्या कामाला कवडीची किंमत नाही, असं लिहिलंय. हो ना?"

"थांब, चिमे..."

"हो की नाही ते सांग!"

त्याने पुन्हा एकदा ती कोरी पानं पाहिली. मग हळूच म्हणाला, "शब्द तरी तेच म्हणतोय."

माझं डोकं असं तापलं की त्यावर इस्त्री फिरवता आली असती. वेळेवर येते, मन लावून राबते, आणि किंमत शून्य. अहो, ह्याला सरळ गाढव म्हणतात! वहिनी म्हणाली, "उद्या कुणाला तरी दाखवून विचारूया." मी म्हटलं, "कुणाला? माझी किंमत नाही हे चार लोकांना वाचून दाखवत फिरू?"

मंगळवारी सकाळी मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. "अठरा वर्षं तुमच्या चादरी धुतल्या, आणि जाता जाता हे बक्षीस?" असं म्हणून पत्र टरकन मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, बोलतील कशा, चोरी पकडली गेलीय. खाली येऊन मी मोठ्या भट्टीपाशी उभी राहिले. तिथे इतकी वाफ असते की माणूस रडतंय की घामाने भिजलंय ते कळत नाही.

दोन दिवस जेवणं होत होती, पट्ट्या होत नव्हत्या.

पुढचं मला त्याच्याकडून नंतर कळलं. गुरुवारी दुपारी बाइंडरीत एक बाई आली, वडिलांच्या फोटोंचा जुना अल्बम घेऊन. पानं सुटली होती. दादाच्या हातात देताना म्हणाली, "जपून हं, अनमोल आहे माझ्यासाठी."

दादाची सुई पुठ्ठ्यात अर्धी गेलेली, तिथेच राहिली. अन आणि मोल. 'अन' म्हणजे नाही. मग ही बाई बापाच्या फोटोंना कवडीमोल म्हणतेय का? आपण जन्मभर म्हणतो तो शब्द, आणि त्याची शिवण आपण एकदाही उसवून पाहिली नाही! मोल नाही ते नव्हे. ज्याचं मोल करताच येत नाही ते.

पण ह्या वेळी तो अंदाजावर थांबला नाही. शेजारच्या शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं तोच बांधतो. वीस वर्षं मागच्या दाराने जातो, गठ्ठा उचलतो, मागच्याच दाराने येतो. त्या दिवशी खळीने माखलेल्या एप्रनसकट पुढच्या दाराने आत गेला. लायब्ररीवाले म्हणाले, "आज काही बांधायला नाही." दादा म्हणाला, "आज वाचायला आलोय." डिक्शनरी मागून घेतली. पान काढलं. वाचलं. आणि साठीचा माणूस तिथून जो धावत सुटला तो थेट आमच्या लॉन्ड्रीच्या दारात.

"चिमे! अनमोल!"

मला वाटलं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दम खाऊन त्याने सगळं सांगितलं. मी चादरींच्या ढिगावर मटकन बसले. त्या मोजकं बोलणाऱ्या बाईने एवढा मोठा शब्द माझ्यासाठी वापरला होता, आणि मी तो फाडून त्यांच्या तोंडावर टाकला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

माफी मागायची म्हटलं की मला ताप भरतो. पण गेले. दार वाजवून गेले. मेट्रनबाई आपले कप, चष्म्याचं घर, असलं किडुकमिडुक पिशवीत भरत होत्या. मी तोंड उघडायच्या आत दादा पुढे झाला.

"चूक माझी आहे. माझ्या डिक्शनरीत सोळा पानं नाहीत, आणि मी ती वाचल्यासारखा बोललो."

त्याने शब्द न् शब्द सांगितला, इनकरेक्टपासून अल्बमपर्यंत. बाई ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं.

"अठरा वर्षं मी तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक चादर वर जाऊ दिली नाही. आणि मी तुला बिनकामाची म्हणेन, हे तुला खरं वाटलं?"

"दादाने सांगितलं होतं ना," मी म्हटलं.

"अगं, पण तुझं तुला काही कळत नव्हतं? स्वतःच्या कामाबद्दल?"

"कळत होतं. पण माझा दादा शब्दाचा चुकत नाही, बाई. त्याने सांगितलं म्हटल्यावर मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

मी मागे पाहिलं तर दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बाईंनी ड्रॉवर उघडला. दोन्ही तुकडे आत नीट ठेवलेले होते. मी म्हटलं, दुसरं लिहून द्याल का, पाया पडते. त्या म्हणाल्या, "शिक्का सकाळीच जमा केला. आता मी इथली कुणी नाही."

तेव्हा दादा वळला. "बघू ते," म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा होता, कामावरचा. तुकडे उजेडात धरले. "फाटलंय, कापलेलं नाही. जुळेल. पातळ कागद हवा. आणि खळ."

बाईंच्या निरोपाच्या भेटीवर पातळ पांढरा कागद गुंडाळलेला होता. त्यांनी स्वतः तो सोडवून दिला. खळ आमच्याकडे कमी आहे का? लॉन्ड्रीत कांजीचं पातेलं भरलेलं होतं. आम्ही तिघं खाली आलो. इस्त्रीच्या टेबलावर मी स्वच्छ कापड अंथरलं. दादाने पातळ कागदाची पट्टी कातरली नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडली. फाटलेल्या कडेचे तंतू सपाट बसतात, कापलेली कड जाणवते म्हणे. पत्र पालथं ठेवलं, एकेक तंतू एकेका तंतूपाशी आणला, बोटाच्या टोकाने कांजी लावली, पट्टी बसवली. अकरा बायका आणि एक मेट्रन बघत होतो. "आता तू," तो मला म्हणाला. वर कापड घालून मी इस्त्री फिरवली, अगदी कोमट, तान्ह्या बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तशी. पत्र उलटं केलं. फाटलं होतं कुठे, ते शोधावं लागत होतं.

पाचला दहा कमी असताना आम्ही नव्या हॉस्पिटलच्या खिडकीशी पोहोचलो. कारकुनाने पत्रावरून अंगठा फिरवला आणि अर्ज घेतला. ती जागा मला मिळाली. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला त्या संध्याकाळचं वेगळंच काही सांगायचंय.

आम्ही बस स्टॉपच्या बाकावर बसलो होतो. दादा खाली मान घालून बोटांवरची वाळलेली कांजी खरवडत होता.

"तू खरंच तसं समजतेस?" त्याने विचारलं.

"काय?"

"की मी शब्दाचा चुकत नाही."

"चुकलास की! माझी नोकरी घालवत होतास."

"ते झालंच. मला वाटायचं, तू कंटाळतेस. एवढी वर्षं मी बडबडतो आणि तू ऐकल्यासारखं करतेस."

काय सांगू, कुणी काळजात सुई खुपसावी तसं झालं. एवढा शब्दांचा धनी माझा भाऊ, आणि माझा एक साधा शब्द त्याला कधी मिळाला नव्हता. मिरचीने तो घशातच ठेवला होता. आता कसं सांगावं ते कळेना. म्हणून मी सरळ सुरू केलं.

"कम्पॅनियन," मी म्हटलं. "ज्याच्याबरोबर आपला पाव वाटून खातो तो. पॅनिस म्हणजे पाव."

दादाने मान वर केली.

"मसल. म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. डँडेलियन, सिंहाचा दात. नॉक्टर्नल, रात्रीचा जागणारा. पेडेस्ट्रियन, पेडल, पेडेस्टल, तिघांचा आजा पाय."

कधी सांगितले होते त्याने! काही मोरीत, काही दोरीवर कपडे वाळत घालताना, काही मी त्याला "आता पुरे" म्हटल्यावर. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण सगळे होते, एकही हरवला नव्हता. आणि मी ते त्याच्याच, नुसत्या स्पेलिंगवरून जुळवलेल्या उच्चारात म्हणत होते, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलेच नाहीत. बाकावर एक शिकलेली मुलगी बसली होती, ती आमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागली. तिला यातला एकही शब्द ओळखू आला नसावा. ही असली इंग्रजी अख्ख्या जगात दोघांनाच येत असेल, एक तो आणि एक मी.

बस आली, थांबली, निघून गेली. दादाचे ओठ हलत होते, माझ्या मागोमाग. चष्मा काढून त्याने मांडीवर ठेवला होता, आणि डोळे पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मी पुढचा शब्द म्हटला.